खाली समुद्र, अंगाला लागून द्राक्षमळे: चिंक्वे तेर्रेच्या वरच्या वाटा, आम्ही दोघं

चिंक्वे तेर्रेचे फोटो तुम्ही नक्की पाहिले असतील, कड्यावर एकमेकांना चिकटून उभी रंगीत घरं आणि खाली निळाशार समुद्र. मी आणि नवरा तेच फोटो बघून तिकडे गेलो. पण पायी फिरल्यावर मला सगळ्यात जास्त जे आवडलं ते त्या फोटोंच्या वरच्या कोपऱ्यात असतं, घरांच्या मागे डोंगरावर आडव्या आडव्या हिरव्या रेघा दिसतात ना, ते द्राक्षमळे. त्या रेघांमधून चालत जाता येतं, फुकट, कुठलंही तिकीट न काढता. आणि बहुतेक लोक पाचही गावं एका दिवसात ट्रेनने उरकून परत जातात, वर चढतच नाहीत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी जागा समजून घ्या. इटलीच्या वायव्येला लिगुरिया, तिथे ला स्पेत्सिया शहराच्या पुढे डोंगर जवळजवळ सरळ पाण्यात उतरलेत. त्या उतारावर मॉन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे अशी पाच गावं. १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, १९९९ मध्ये नॅशनल पार्क झालं. पण त्याच्या आधीचं एक साल मला जास्त महत्त्वाचं वाटतं, १८७४, तेव्हा इथे रेल्वे आली. त्याच्या आधी या गावांत यायचं तर बोटीने नाहीतर डोंगरातल्या पायवाटांनी, माणसं आणि खेचरं ओझी घेऊन त्यावरूनच जायची. म्हणजे आज आपण ज्यावर हाईक म्हणून चालतो त्या वाटा हौशी लोकांसाठी आखलेल्या नाहीत, मळ्यात जायच्या, देवळात जायच्या, शेजारच्या गावात जायच्या रोजच्या वाटा आहेत. त्यामुळे त्या कुठेही उगाच वळसा घेत नाहीत, चढ आला की सरळ पायऱ्या. हे डोक्यात ठेवलं की किलोमीटरचे आकडे बघून फसायला होत नाही.

आम्ही सप्टेंबर अखेर निवडली. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही प्रचंड, आणि सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी असते, ती बघायची होती. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या किनाऱ्यावर मोठे पाऊस होतात, हवामानाचा अलर्ट लागला की वाटा बंद करतात, त्यामुळे रोज सकाळी अलर्ट बघायची सवय ठेवावी. मुक्काम ला स्पेत्सियात केला, पाच गावांत खोल्या महाग आणि बॅग घेऊन जिने चढायचे, त्यापेक्षा हे सोपं. तिथून लेवांतोपर्यंत सतत ट्रेन असतात, गावागावांत काही मिनिटांचं अंतर. बराचसा रस्ता बोगद्यातून, मधेच दोन बोगद्यांच्या फटीत समुद्र दिसतो आणि सगळा डबा एकदम खिडकीकडे वळतो.

आता दोघांनी मिळून चालण्याबद्दल थोडं, कारण डोंगरात जोडप्यांची भांडणं कशावरून होतात हे आम्हाला चांगलं माहितीये. आमची चाल वेगळी आहे. चढावर मी एका लयीत जाते, नवऱ्याला दम लागतो. उतारावर तो भराभर उतरतो आणि माझा उजवा गुडघा बोलायला लागतो. तर आमचे नियम असे ठरलेत की जो हळू आहे तो पुढे, म्हणजे चढावर तो पुढे, उतारावर मी. मागच्याने 'चल ना' म्हणायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, एखादा आधी पोचून थांबला असेल तर दुसरा आल्या आल्या लगेच निघायचं नाही. कारण आधी पोचलेल्याची विश्रांती झालेली असते, मागून आलेल्याची शून्य, आणि दिवसभर असं झालं की संध्याकाळी तो माणूस चिडतोच, बिचाऱ्याला कळतही नाही का चिडलोय. दुसरा पोचल्यावर परत पाणी, परत पाच मिनिटं, मग निघायचं. एवढ्या एका गोष्टीने आमच्या ट्रीप सुधारल्या.

पहिली मोठी चाल पोर्तोवेनेरे ते रिओमाज्जोरे. पोर्तोवेनेरेला ट्रेन नाही, ला स्पेत्सियाहून बसने जायचं, बसचा रस्ताच खाडीच्या काठाने इतका सुंदर आहे की उजवीकडची सीट की डावीकडची यावर आमची चर्चा झाली (जाताना डावीकडची). किल्ल्याच्या भिंतीला लागून दगडी पायऱ्या सुरू होतात आणि पहिल्याच अर्ध्या तासात अंग भिजून निघतं. पण मागे वळलात की सेंट पीटरचं काळ्या-पांढऱ्या दगडी पट्ट्यांचं चर्च अगदी टोकावर, लाटा त्याच्या पायाशी, आणि समोर पाल्मारिया बेट. वर मुझेरोनेच्या कड्यावर क्लायंबिंग करणारे दोरावर लटकलेले दिसतात. याच भागात पोर्तोरो नावाचा काळा संगमरवर निघतो, काळ्यात सोनेरी रेषा, जुन्या खाणींच्या खुणा वाटेत दिसतात.

मग काम्पिल्या नावाचं छोटंसं गाव, साधारण ४०० मीटर उंचीवर. इथे पाणी भरून घ्या, काहीतरी खा. काम्पिल्याच्या पुढे आम्हाला पहिल्यांदा तो भाग दिसला ज्याला तिकडे त्रामोंती म्हणतात, डोंगराची समुद्राकडची बाजू, इतकी उभी की वरून बघताना मळे आहेत की जिना आहे तेच कळेना. मधे मधे एकेकटी छोटी दगडी घरं, तोडणीच्या दिवसात राहायला बांधलेली. रस्ता नाही, गाडी नाही, खालपर्यंत फक्त पायऱ्या. नवरा बराच वेळ तिथे उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, इथे टोपली घेऊन चढायचं म्हणजे काय असेल!" आमच्या पाठीवर पाणी आणि दोन सँडविच होती आणि आमचीच वाट लागली होती.

पुढे पाइन आणि चेस्टनटच्या जंगलातून सावलीची चाल, मग कोल्ले देल तेलेग्राफो, साधारण ५०० मीटरची खिंड, इथे बसायला जागा आहे, कॉफी मिळते. तिथून मॉन्तेनेरोच्या देवळाकडे उतार. या पाचही गावांचं प्रत्येकी एक देऊळ असं वर डोंगरात आहे, मारियाचं म्हणजे मदर मेरीचं, आणि गावातून देवळापर्यंत जुनी वाट. मॉन्तेनेरोच्या ओट्यावरून खाली पूर्ण किनारा उलगडतो, आणि मग रिओमाज्जोरेपर्यंत सलग उतरण. माझ्या गुडघ्यासाठी दिवसातला सगळ्यात कठीण भाग हाच, दोन्ही ट्रेकिंग पोल बाहेर काढले, तिरपी पावलं टाकत उतरले. एकूण बारा-तेरा किलोमीटर. वेळेचा अंदाज बांधायला आम्ही नेस्मिथचा जुना नियम वापरतो, १८९२ मध्ये या स्कॉटिश गिर्यारोहकाने मांडलेला, मेट्रिकमध्ये साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यात आम्ही थांबे, फोटो आणि गुडघा धरून एक तृतीयांश वेळ वाढवतो, आणि ते बरोबर बसतं. इथल्या पाट्यांवर अंतराऐवजी बहुतेक वेळ लिहिलेला असतो, तो सलग चालणाऱ्याचा समजा. खुणा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, दगडावर, भिंतीवर, झाडावर, दहा मिनिटं पट्टा दिसला नाही तर मागे फिरा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती वाट, मानारोला ते कोर्निल्या, पण वरून, वोलास्त्रा गावातून. या दोन गावांना जोडणारी समुद्रालगतची सपाट वाट दरड कोसळल्यापासून अनेक वर्षं बंद आहे, आम्ही गेलो तेव्हाही बंदच होती. लोक हळहळतात. मला वाटतं वरची वाट त्याहून चांगलीच आहे, खालून गेलो असतो तर मळे नुसते बघितले असते, वरून त्यांच्या आतून गेलो.

मानारोलातून ५०६ नंबरची वाट घ्यायची. नुसत्या पायऱ्या, ऑलिव्हच्या झाडांमधून, तीनशे मीटरच्या आसपास चढ. डोंगराचा उतार नैऋत्येकडे आहे त्यामुळे सकाळी लवकर निघालं तर सावली मिळते, ऊन डोंगराआडून उशिरा येतं, दुपारी मात्र सगळं अंगावर. आम्ही सातला चढायला लागलो. वोलास्त्रात चर्चच्या समोर बाकावर बसून टी-शर्ट वाळवले, नळावर बाटल्या भरल्या, आणि मग ५८६ नंबरची वाट, जी जवळपास सपाट, मळ्यांच्या बांधावरून.

बांध म्हणजे अक्षरशः बांध, डोंगर पायऱ्यांसारखा टप्प्याटप्प्याने कापून केलेल्या मळ्यांच्या कडेचा. डाव्या हाताला पाऊलभर पुढे दुसऱ्या टप्प्यात उडी, त्याच्या खाली तिसरा टप्पा, चौथा, आणि मग समुद्र. उजव्या हाताला खांद्याएवढा दगडी गडगा आणि त्याच्यावर वेली. दोघांना शेजारी शेजारी चालताच येत नाही, समोरून कोणी आलं तर एकाने गडग्याला पाठ लावून उभं राहायचं. तिथून मागे मानारोला खेळण्यातल्या गावाएवढं दिसतं, पुढे कोर्निल्या आपल्या कड्यावर, आणि दोन्हींच्या मधे फक्त पिकलेले घड आणि पाणी.

हे गडगे बघायला थांबा, प्लीज. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. आम्हाला तिथे एक म्हातारेसे गृहस्थ ढासळलेला गडगा परत रचताना भेटले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन दहा-बारा शब्द, पण हातांनी सगळं समजावून सांगितलं त्यांनी. मोठे दगड खाली, भिंत किंचित डोंगराकडे कललेली, आणि मागच्या बाजूला बारीक खडी भरायची, का तर पावसाचं पाणी मातीतून झिरपून दगडांच्या फटीतून बाहेर पडलं पाहिजे. सिमेंटने बंद केलं तर पाणी मागे साठतं आणि एक दिवस पूर्ण भिंत ढकलून देतं. एक दगड नवऱ्याच्या हातात दिला आणि कुठे बसव ते दाखवलं. त्याने दोनदा फिरवून बसवला, त्यांनी परत काढला, उलटा केला, आणि तो असा बसला की हलेना. दगड रचायची ही विद्या २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात गेली, इटलीसोबत क्रोएशिया, ग्रीस, फ्रान्स वगैरे आठ देशांची मिळून.

पण विद्या यादीत जाणं वेगळं आणि गडगा उभा राहणं वेगळं. एके काळी हा अख्खा डोंगर लागवडीखाली होता, आज त्यातला थोडासाच भाग. तरुण माणसं शहरात गेली, मळे सोडले, आणि सोडलेल्या टप्प्याचा गडगा कोणी डागडुजी करत नाही, एक दगड निसटतो, मग त्याच्या वरचे, मग माती, आणि एक टप्पा दुसऱ्यावर येतो. वाटेत आम्हाला असे पट्टे स्पष्ट दिसले, इकडे वेली नीट बांधलेल्या आणि लगेच शेजारी काटेरी झुडपांत बुडालेला मळा, गडग्याचं पोट सुटलेलं. २५ ऑक्टोबर २०११ ला अतिवृष्टी झाली तेव्हा वेर्नात्सा आणि मॉन्तेरोस्सोत डोंगर चिखल होऊन खाली आला, वेर्नात्साच्या मुख्य गल्लीत तळमजले भरून गेले, माणसं गेली. पाऊस भयंकर होताच, पण वरचे सोडलेले टप्पे हेही एक कारण होतं. म्हणजे वरचा एक म्हातारा माणूस दगड उलटा करून बसवतोय तेव्हा तो खालचं गावही सांभाळतोय. हे मला तिथे उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं.

वेलींबद्दल. जुन्या पद्धतीचे मांडव इथे इतके ठेंगणे की माणसाला वाकून, कधी गुडघ्यांवर बसून आत शिरावं लागतं. आपल्याकडे सांगली-नाशिकला मांडवाखालून माणूस ताठ चालतो, इथे समुद्राचा खारा वारा वेलींना झोडपतो म्हणून त्यांना जमिनीलगत ठेवतात. तोडणी चालू होती, दोन बायका मांडवाखाली बसून घड कापत होत्या, क्रेट भरला की पुरुष तो खांद्यावर घेऊन मोनोरेलपर्यंत नेत होता. मोनोरेल म्हणजे एकच दातेरी रूळ, जमिनीपासून थोडा वर, त्यावर छोटं पेट्रोलचं इंजिन आणि मागे ट्रॉली, जवळपास उभ्या चढावर क्रेट घेऊन खडखडत जाते. ती येण्याआधी सगळं पाठीवर. आम्हाला मोनोरेल भारी आवडली, नवऱ्याने तिचाच व्हिडिओ सगळ्यात जास्त काढला. रुळावर पाय ठेवू नका मात्र आणि घड तोडू नका, ती कोणाची तरी वर्षाची कमाई आहे, आमच्या समोर एकाने तोडला आणि त्या बाईने जे तोंड केलं ते बघवलं नाही.

द्राक्षं मुख्यतः बॉस्को, सोबत आल्बारोला आणि वेर्मेंतीनो, पांढरी वाइन होते त्यांची, हलकी, जराशी खारट चवीची वाटते. आणि त्याच द्राक्षांची गोड वाइन म्हणजे शाक्केत्रा. निवडक घड सावलीत, हवेशीर जागी जाळ्यांवर पसरून वाळवतात, बेदाणा व्हायच्या वाटेवर नेतात, १ नोव्हेंबरच्या आधी दाबायची नाहीत असा नियम, आणि दाणे हाताने सुटे करतात. रस एवढा आटलेला असतो की वजनाच्या जेमतेम एक तृतीयांश वाइन निघते. आम्ही कोर्निल्याला पोचल्यावर घेतली, दोघांत एक छोटा ग्लास, रंग मधासारखा, वास सुक्या जर्दाळूचा. ३७५ मिलीची छोटी बाटली ४० युरोच्या पुढेच जाते. सकाळी त्या मांडवाखाली वाकलेली माणसं बघितली नसती तर मला ती किंमत जास्त वाटली असती. त्या दिवशी नाही वाटली. (चालून झाल्यावर घ्या, चालताना नाही, बांध अरुंद आहे.)

कोर्निल्या हे पाचातलं एकच गाव समुद्रापासून वर, साधारण शंभर मीटर. स्टेशन खाली. मधे लार्दारिना नावाचा विटांचा जिना, पावणेचारशेच्या वर पायऱ्या. आम्ही वरून आलो असल्यामुळे तो फक्त उतरायचा होता, ट्रेनने येणारे लोक चढताना बघून नवरा त्यांना 'अजून थोडंच' असं खुणेने सांगत होता.

किनाऱ्यालगतची प्रसिद्ध निळी वाट, कोर्निल्या ते वेर्नात्सा ते मॉन्तेरोस्सो, ती पण केली. या दोन टप्प्यांना पार्कचं कार्ड लागतं, भाव सीझनप्रमाणे बदलतो, ट्रेनसकटचं कार्डही मिळतं. चपला-फ्लिपफ्लॉप घालून जाऊ देत नाहीत, दंड होऊ शकतो, आणि ते योग्यच आहे, दगड गुळगुळीत झालेत. वेर्नात्साच्या वरून जो फोटो सगळीकडे दिसतो, बंदर, बुरूज, चर्च, तो मॉन्तेरोस्सोच्या बाजूला थोडं चढल्यावर मिळतो. वाट सुंदर आहे, प्रश्नच नाही, पण अकरानंतर अरुंद जागी माणसांची रांग लागते, आणि आमचा निम्मा वेळ 'तुम्ही या आधी' करण्यात गेला. रिओमाज्जोरे-मानारोलामधली प्रेमाची वाट, २०१२ मध्ये दरड पडून बंद झालेली, २०२४ मध्ये परत उघडलीये, एक किलोमीटरही नाही, वेगळं तिकीट आणि ठरलेली वेळ. जोडप्याने जाऊन केली पाहिजे म्हणून केली. छान आहे, सपाट आहे, गुडघ्याला बरी.

शेवटची चाल मॉन्तेरोस्सो ते पुंता मेस्को ते लेवांतो. मॉन्तेरोस्सोच्या बीचच्या टोकाला समुद्रदेवाचा तो मोडका प्रचंड पुतळा आहे, १९१० चा, तिथून पुढे पायऱ्या. तीनशे मीटर चढल्यावर मेस्कोचं टोक, जुन्या मठाचे अवशेष, आणि तिथून पाचही गावं एका ओळीत दिसतात. आम्ही बोटाने ओळखत गेलो, मग वरच्या रेघा शोधायला लागलो, ती वोलास्त्रा, तो आपला बांध, ती मॉन्तेनेरोची पांढरी ठिपकी. तोपर्यंत पायाखालून गेलेला सगळा किनारा एका नजरेत. पुढे लेवांतोकडचा उतार लांब पण सौम्य, खाली प्रशस्त बीच, आणि स्टेशन.

कोणाला एकच दिवस असेल तर माझं स्पष्ट मत, मानारोला-वोलास्त्रा-कोर्निल्या करा आणि बाकी गावं ट्रेनमधून बघितली तरी चालेल. पायऱ्यांचा त्रास असेल तर मानारोलाहून वोलास्त्रापर्यंत मिनीबस जाते, तिने वर जा आणि फक्त सपाट बांधावरून चाला, पुढचा कोर्निल्याकडचा उतार तेवढा जपून. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने सोबतच्याला समुद्राच्या बाजूला घ्यायची गरज नाही, वाट एकाचीच आहे, त्याने पुढे राहून नजर गडग्यावर ठेवावी आणि बघायला थांबावं तेव्हा पूर्ण थांबावं. पाणी दोघांत तीन लिटर, पोल दोघांचे वेगळे, आणि सकाळी सातला सुरुवात.